कपाळावरची जांभळी रेघ

काचेचं दार ढकलून आत गेलो, तर समोरच्या सोफ्यावर पंकज बसलेला. माझ्या होणाऱ्या बायकोचा धाकटा भाऊ. मला बघताच त्याने मांडीवरची टोपी उचलून घाईघाईने डोक्यावर चढवली आणि उभा राहिला.

"दाजी? तुम्ही इकडे कसे?"

"काम होतं नाशिकला," मी म्हणालो. "आणि तू?"

"माझं पण कामच होतं."

आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता भिंतीकडे बघत राहिलो. भिंतभर जोडफोटो लावलेले होते. डावीकडे टकले, उजवीकडे तेच लोक दाट केसांचे. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने वहीत बघत विचारलं, "गिरीश भंगाळे ना? ट्रान्सप्लांटला? या, बसा. पंकज झांबरे, तुमचंही यांच्याबरोबरच आहे."

पंकज आधी हसला. मग त्याने टोपी काढली आणि डोकं माझ्यासमोर वाकवून दाखवलं. टाळूवर वाटीएवढी जागा पार विरळ झाली होती. चोवीस वर्षांचा मुलगा.

"घ्या," तो म्हणाला. "आता तुमचं दाखवा."

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि यावलला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. केस गळायला लागले ते तेविसाव्या वर्षी. सुरुवातीला मी उशीवरचे केस गोळा करून मोजायचो. नंतर मोजणं सोडलं आणि लपवणं सुरू केलं. एसटीत मी सगळ्यात मागच्या सीटवर बसायचो, म्हणजे माझ्या मागे कोणी बसू नये. फळ्यावर लिहिताना मुलांकडे पाठ करावी लागते, त्याने मला घाम फुटायचा. कांद्याचा रस झाला, एका वैद्याचा काळा लेप झाला, त्या लेपाने आठ दिवस डोक्यावर फोड आले.

चारुलताला बघायला सावद्याला गेलो तो एप्रिल महिना होता. बाजारात एक बारीक काळी पूड मिळते, ती विरळ केसांवर भुरभुरवली की डोकं भरलेलं दिसतं. ती लावून गेलो होतो. ती वाऱ्याने उडते आणि घामाने ओघळते. खानदेशातल्या एप्रिलमध्ये, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, मी चारुलताच्या वडिलांना म्हणालो, "अण्णा, पंखा बंद केला तर चालेल का? मला वारा सहन होत नाही." बिचाऱ्यांनी बंद केला. सगळे पदराने, रुमालाने वारा घेत बसले. चारुलता चहा घेऊन आली तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. सावळी, उंच, रावेरच्या पतसंस्थेत नोकरी करणारी. तिने मला एकच प्रश्न विचारला, "शिकवायला आवडतं का?" मी हो म्हणालो. आठ दिवसांत होकार आला. लग्न जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठरलं.

होकाराच्या आनंदापेक्षा भीतीच मोठी होती. हळदीला डोक्यावरून पाणी ओततात. त्या पाण्याबरोबर सगळी पूड चारचौघांत खाली येणार होती.

मी जळगावला डॉक्टर वारके बाईंकडे गेलो. साठीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी भिंगातून माझं डोकं बराच वेळ तपासलं.

"वडिलांना टक्कल आहे?"

"आहे. मामांनाही."

"मग हे घरचंच आहे. लग्नाला किती दिवस राहिले?"

"अडीच महिने."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, डोक्याला रोज लावायचं औषध आहे. त्याचा फरक दिसायला सहा महिने लागतात, कधी वर्ष. थांबवलंत की पुन्हा मूळपदावर. गोळीही आहे, तीही तशीच रोज घ्यावी लागते. काही पुरुषांना तिने शरीरसंबंधाची इच्छा कमी होते. सगळ्यांना होत नाही, पण नवीन लग्न आहे, तर आधी माहीत असावं. आणि ट्रान्सप्लांट. ते गळती आटोक्यात आल्यावर, चांगल्या सर्जनकडे. लावलेले केस आधी गळून पडतात. खरे केस दिसायला वर्ष जातं."

"म्हणजे लग्नाआधी काहीच नाही?"

"काहीच नाही. होईल असं कोणी सांगितलं तर तो माणूस खोटं बोलतोय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुलीला सांगून टाकलंत तर?"

"ते नको, मॅडम."

"बरं. मग निदान एवढं लक्षात ठेवा. ट्रान्सप्लांट कधी केलंतच, तर भूल कोण देणार ते विचारा. डॉक्टर पूर्ण वेळ तिथे असला पाहिजे. डोक्याला भुलीची इंजेक्शनं बरीच लागतात, आणि ती जास्त झाली तर माणूस दगावतो."

लावायचं औषध मी नऊ दिवस लावलं. सुरुवातीला थोडे केस जास्त गळतील, असं बाईंनी सांगितलं होतं, पण बेसिनमध्ये प्रत्यक्ष पडलेला पुंजका पाहिल्यावर माझा धीर सुटला. बाटली कचऱ्यात टाकली. त्याच दिवशी मोबाइलवर नाशिकच्या या क्लिनिकची जाहिरात दिसली. फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, साठ दिवसांत दाट केस. लग्न आहे ना? अहो, नवरदेव तर आमच्याकडे रांगेत असतात." तो खोटं बोलतोय हे मला माहीत होतं. तरी मी तारीख घेतली.

सोफ्यावर पंकज माझ्या शेजारी सरकून बसला. "औषध कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो होतो. तिथला साहेब म्हणाला, आम्हाला तरुण चेहरा पाहिजे होता. बाहेर येऊन जिन्यात बसून राहिलो, दाजी. कितीतरी वेळ." मग एकदम त्याला काहीतरी आठवलं. "म्हणजे त्या दिवशी पंखा बंद करायला लावलात तो यासाठी?"

"हो रे बाबा."

तो इतका हसला की काउंटरवरची मुलगी बघायला लागली. "अण्णा अजून म्हणतात, जावई नाजूक आहेत." मग हसू आवरून तो हळूच म्हणाला, "ताईला सांगू नका हं. घरी सांगितलंय, पुण्याला ट्रेनिंगला चाललोय."

"मी कशाला सांगतो? तूही सांगू नकोस."

"शपथ."

मला तो मुलगा त्या अर्ध्या तासात फार आवडला. पाच वर्षं जे कोणाशीच बोललो नव्हतो ते मी त्याच्याशी बोलत होतो.

मग टाय लावलेला मॅनेजर आला. आम्हा दोघांची डोकी मशीनने भादरली. जांभळ्या मार्करने त्याने आमच्या कपाळांवर नव्या केसांची रेघ आखली, या कानापासून त्या कानापर्यंत. पंकज माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, तुम्ही नकाशासारखे दिसताय."

"डॉक्टर कुठे आहेत?" मी मॅनेजरला विचारलं.

"मुंबईहून निघालेत, पोचतीलच. तोवर आम्ही भूल देऊन ठेवतो, म्हणजे तुमचा वेळ जाणार नाही. टेबल एकच रिकामं आहे. आधी कोण?"

"दाजी, तुम्ही जा," पंकज म्हणाला. "मोठे तुम्ही."

"नाही, तू हो आधी."

"खरंच?" तो खूश झाला. मी मोठ्या मनाने नंबर सोडला असं त्याला वाटलं. मला आधी दुसऱ्याचं काय होतं ते बघायचं होतं. डॉक्टर वारकेंचा शब्द न् शब्द मला आठवत होता आणि त्यातला एकही मी त्याला सांगितला नाही. सांगितला असता तर दोघांनाही उठून जावं लागलं असतं.

मी दाराबाहेरच्या खुर्चीवर बसलो. दार अर्धवट उघडं होतं. पांढरा कोट घातलेला एक माणूस पंकजच्या डोक्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शनं देत होता. सिरिंज रिकामी झाली की दुसरी भरत होता.

"दुखतंय का रे?" मी बाहेरून विचारलं.

"नाही. पण ओठांना मुंग्या येताहेत, दाजी. आणि तोंडात लोखंड चोखल्यासारखं लागतंय."

"होतं तसं," कोटवाला म्हणाला आणि त्याने पुढची सिरिंज भरली.

मी खुर्चीवरून उठलो. दारापर्यंत गेलो. पुन्हा येऊन बसलो.

"दाजी, कानात..." त्याची जीभ जड झाली होती. "दाई..." असं काहीतरी तो म्हणाला, आणि मग टेबल खडखडायला लागलं. धावत आत गेलो तर पंकजचं सगळं अंग ताठ होऊन झटके देत होतं. डोळे पांढरे. कोटवाला त्याचे खांदे दाबून धरत होता, ट्रे खाली पडला होता. हळूहळू झटके थांबले. पंकज सैल पडला. ओठ निळसर झाले होते, आणि एक श्वास घेतला की दुसरा येतोय की नाही अशी वाट बघावी लागत होती.

मॅनेजरने दार लावून घेतलं आणि मला दंड धरून बाजूला नेलं.

"घाबरू नका. फिट आलीय, पाच मिनिटांत शुद्धीवर येईल. डॉक्टर आलेच."

"ॲम्ब्युलन्स बोलवा!"

"साहेब, ऐका. ॲम्ब्युलन्स आली की पोलीस येतात. पोलीस आले की पेपरवाले. दोघांची नावं छापून येतील, अशा डोक्यांचे फोटो येतील. लग्न आहे ना तुमचं?"

माझा फोन माझ्या हातात होता.

मग मी पंकजला उचललं. काखेत हात घालून मी आणि पायाकडून तो कोटवाला, असं आम्ही त्याला जिन्याने खाली आणलं. रिक्षावाल्याने आमची डोकी पाहिली आणि काही न विचारता रिक्षा सोडली. सिग्नलला पंकजचा श्वास थांबला. मी त्याच्या छातीवर बुक्के मारत "पंकज, पंकज" ओरडत होतो. रिक्षावाल्याने सिग्नल तोडला.

दवाखान्यात त्याला माझ्या हातांतून काढून घेतलं आणि पडदा ओढला. एक तरुण डॉक्टर बाहेर आला. "काय दिलं होतं? झटका कधी आला?"

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

"भुलीची इंजेक्शनं," मी म्हणालो. "झटका आत्ताच. अकरा वाजून पाच-सात मिनिटं झाली असतील तेव्हा."

त्याने ते लिहून घेतलं. "नातेवाईक कोण?"

मी चारुलताला फोन लावला. लग्न ठरल्यापासून मीच तिला फोन करायचो आणि काय बोलायचं ते आधी मनात जुळवून ठेवायचो. त्या दिवशी काहीच जुळवलं नव्हतं.

"चारुलता, मी गिरीश. पंकज माझ्याबरोबर आहे."

"तो पुण्याला गेलाय."

"नाही. नाशिकला आहे. तो केस लावून घ्यायला आला होता. भुलीचं इंजेक्शन बाधलंय. दवाखान्यात आणलंय."

ती म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मीही त्याच कामाला आलो होतो."

"जिवंत आहे ना तो?"

"आहे."

"तिथून हलू नका. आम्ही निघतोय."

सावद्याहून नाशिक म्हणजे जीपने पाच-सहा तास. तेवढा वेळ मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून होतो. येणारा-जाणारा माझ्याकडे बघायचा. भादरलेल्या डोक्याकडे बघतात असं मला वाटत होतं. संध्याकाळी जिन्यावरून पहिली चारुलता वर आली. माझ्यासमोर थांबली, आणि तिची नजर माझ्या कपाळावर गेली. ती जांभळी रेघ मी विसरूनच गेलो होतो. तिने पर्समधून रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीने ओला केला आणि माझ्या हातात दिला.

"पुसून घ्या. अण्णा वर येताहेत."

मी घासघास घासलं. कातडी लाल झाली पण रेघ गेली नाही.

पंकज तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता. क्लिनिकला त्याच संध्याकाळी कुलूप लागलं, पुढे तक्रार, जबाब, सगळं झालं. जबाबातही मी तीच वेळ सांगितली. चौथ्या दिवशी नळी काढली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं, "यांनी उचलून आणलं म्हणून मुलगा हाती लागला." सहा फुटी दांडगे अण्णा, केळीचे बागायतदार. ते माझ्या खांद्यावर डोकं टेकवून हमसाहमशी रडले. "जावई, तुम्ही नसता तर माझं घर बसलं असतं."

बाराव्या दिवशी पंकजला घरी सोडलं. चालता येत होतं, पण उजव्या हाताच्या बोटांत पकड राहिली नव्हती, आणि शब्द उशिरा यायचे. मनात आलेलं ओठांवर यायला त्याला एवढा वेळ लागायचा की समोरच्याला राहवायचं नाही, तोच वाक्य पुरं करायचा. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला होता, सुधारेल, किती ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं.

त्याला बघायला मी सावद्याला गेलो. घर नातेवाइकांनी भरलं होतं. मी आत पाऊल टाकताच चारुलताच्या आईने मला उंबऱ्यात थांबवलं, मीठ-मोहरीने माझी दृष्ट काढली. पंकज पलंगावर बसला होता. मला बघून त्याचा चेहरा फुलला. सगळ्यांकडे बघत तो म्हणाला, "दाजी... मला... घेऊन... पळाले." बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्या पुढ्यात बासुंदीची वाटी आली. मी ती तशीच खाली ठेवली.

हात धुवायला म्हणून मी परसात गेलो. चारुलता तिथे पंकजची पथ्याची भांडी घासत होती.

"मला तुमच्याशी बोलायचंय," मी म्हणालो.

"बोला ना."

"झटका अकरानंतर आला नव्हता. दहा पन्नासला आला होता."

तिचे हात थांबले. "मग तुम्ही कधी निघालात तिथून?"

"अकरा वाजून आठ मिनिटांनी."

तिने मनात हिशेब केला असावा. "अठरा मिनिटं," ती म्हणाली. "अठरा मिनिटं काय करत होता?"

"मॅनेजर म्हणाला, पाच मिनिटांत शुद्धीवर येईल. पोलीस येतील, पेपरात येईल, लग्न आहे तुमचं. मी पाच मिनिटं थांबलो. मग वाटलं आणखी पाच. मग आणखी."

"तो तेव्हा श्वास घेत होता?"

"थांबून थांबून."

"आणि तुम्ही घड्याळ बघत होता."

"हो."

आतून कोणीतरी चारूला हाक मारली. "आले," तिने आवाज दिला. तो आवाज अगदी रोजच्यासारखा होता. मग ती उभी राहिली. हाताला राख लागलेली होती.

"त्या डॉक्टरलाही खोटी वेळ सांगितलीत?"

"हो. मी आत जाऊन अण्णांना सांगतो. आत्ता सांगतो."

"नाही." ती माझ्या वाटेत आली. "तुम्ही कोणालाच सांगायचं नाही. आत बसलाय ना तो, दिवसभरात तेच एक वाक्य बोलतो. दाजी मला घेऊन पळाले. तेवढ्या एका गोष्टीसाठी तो जेवतोय, हाताचे व्यायाम करतोय. त्याला कळलं की ज्याच्या भरवशावर आत गेलो तो घड्याळ बघत उभा होता, तर तो पुन्हा उठायचा नाही."

"मग लग्न?"

"माझ्याच्याने व्हायचं नाही," ती म्हणाली. रडली नाही. "केस नाहीत हे तुम्ही मला त्या पंख्याखाली सांगितलं असतंत ना, तर मी हसले असते. आता मला तुमच्याबरोबर एका घरात झोपायची भीती वाटेल. मला काही झालं तर तुम्ही किती वेळ थांबाल, असंच मनात येत राहील."

"घरच्यांना काय सांगणार?"

"ते माझं मी बघते. तुम्ही जा आता."

चार दिवसांनी माझे वडील बाहेरून आले ते लालबुंद होऊन. चारुलताने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मला टकला नवरा नको. फसवून दाखवलं त्यांनी. दवाखान्यात पाहिलं तेव्हा किळस आली." ज्याने भावाचा जीव वाचवला त्याच्याबद्दल हे शब्द. ज्या पोरीला कधी टिचकीही मारली नव्हती तिच्यावर अण्णांनी भर बैठकीत हात उचलला. ती शब्द बदलायला तयार झाली नाही.

माझी आई आठ दिवस रडत होती. "बिचारा माझा पोरगा," म्हणायची. सगळा समाज म्हणायला लागला. बिचारा गिरीश. केसांपायी मोडलं त्याचं. कॉलेजातल्या मुलांनी फळ्यावर माझ्या टकलाचा चंद्र काढणं बंद केलं, तीही बिचारा म्हणून. कोणाच्या लग्नाला गेलो की बायका मला मुद्दाम दोन घास जास्त वाढायच्या आणि सावद्याच्या झांबऱ्यांच्या पोरीला नावं ठेवायच्या. फार रूपाची घमेंड. भावाच्या जिवाची किंमत नाही. मी मान खाली घालून जेवायचो. तिने कोणाला सांगू नका म्हटलंय, असं मी स्वतःला सांगायचो, आणि ते खरंही होतं. पण त्याआड बसायला मला बरं वाटत होतं, हेही खरं.

दोन वर्षांत डोक्यावरचे उरलेसुरले केस गेले. मी कुठलाच उपाय केला नाही.

चारुलताचं लग्न जमेना. स्थळं यायची, कोणीतरी कानात सांगायचं, परत जायची. पंकज सुधारत गेला. डाव्या हाताने लिहायला शिकला, अण्णांबरोबर केळीच्या वखारीत बसायला लागला. असं मी दुसऱ्यांकडून ऐकायचो. अशी चार वर्षं गेली.

एका दुपारी स्टाफरूममध्ये एक गृहस्थ मला भेटायला आले. ऐनपूरचे, निवृत्त मुख्याध्यापक, चौधरी नावाचे. पुतण्यासाठी सावद्याची मुलगी सांगून आली होती.

"तुमच्याशी ठरून मोडलेलं, म्हणून तुमच्याकडेच आलो," ते म्हणाले. "मुलीची आणि मुलाची पसंती झालीय. पण माझा पुतण्याही डोक्याने विरळच आहे. उद्या त्यालाही असंच काही बोलली तर? माणूस म्हणून कशी आहे ती, खरं सांगा. तुमच्यावर एवढा अन्याय झालाय, तुमचा शब्द मी मानीन."

मी उठून स्टाफरूमचं दार लावून घेतलं. त्यांच्यासमोर बसलो आणि नाशिकच्या त्या सोफ्यापासून सगळं सांगितलं. नंबर का सोडला ते सांगितलं. ओठांना मुंग्या येताहेत असं तो म्हणाला तेव्हा दारापर्यंत जाऊन परत बसलो, ते सांगितलं. दहा पन्नास, अकरा आठ, आणि डॉक्टरला सांगितलेली खोटी वेळ. परसात ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगितलं.

त्यांनी चहाचा कप हातात धरला होता. तो त्यांनी न पिता टेबलावर ठेवला.

"पोलिसांना खरी वेळ कधीच सांगितली नाहीत?"

"नाही."

"मुलीच्या वडिलांना?"

"नाही."

"आणि चार वर्षं त्या पोरीला लोक बोलत होते ते ऐकत होतात."

"हो."

ते उठले. दाराची कडी त्यांनी स्वतःच काढली. "हे मी पोटात ठेवणार नाही," ते म्हणाले. "आमच्या घरात सांगीन, सावद्यालाही सांगीन."

"सांगा," मी म्हणालो.

त्या डिसेंबरात चारुलताचं लग्न ऐनपूरला झालं. त्याच्या आदल्या महिन्यात एका सकाळी अण्णा आमच्या दारात मोटरसायकलवरून आले. आईला काही माहीत नव्हतं, ती लगबगीने पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली. त्यांनी तांब्याला हात लावला नाही. गाडीवरून उतरलेही नाहीत.

"अठरा?" त्यांनी मला विचारलं.

"हो, अण्णा. अठरा."

त्यांनी किक मारली आणि निघून गेले. आई तांब्या हातात धरून तशीच उभी होती. मी तो तिच्या हातातून घेतला, तिला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगायला सुरुवात केली.

तेव्हापासून यावलमध्ये मला कोणी बिचारा म्हणत नाही.